होडी कल्याणलाच का थांबली

उल्हासनगरचा कॅम्प ४ रेल्वेरुळांच्या पूर्वेला आहे. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून या वस्तीतून खाली उतरते, पश्चिमेच्या कॅम्पांच्या पलीकडून उल्हास नदी जाते आणि दोघींचे पाणी अखेर कल्याणच्या खाडीत पडते. नकाशात पाहिले तर बंदर अगदी शेजारचे. तरीही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांच्या इतिहासात गलबत नाही, तांडेल नाही, धक्का नाही. पाण्यावरचा सगळा व्यवहार कल्याणला येऊन संपतो. याचे नेहमीचे उत्तर असे की कल्याण हे पुरातन शहर, सुभ्याचे ठाणे, मोठी पेठ, म्हणून होड्या तिथे येत. हे उत्तर उलटे आहे असे मला वाटते. होडीने एका दिवसात किती जायचे आणि कुठे थांबायचे हे या खाडीत भरतीने ठरवले. मुंबई किंवा वसईकडून चढणाऱ्या भरतीचे शेवटचे उपयोगी टोक कल्याणला येते. मुक्काम आधी पडला, शहर त्याच्या आधाराने उभे राहिले.

आधी पाण्याचे गणित पाहू. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटांच्या आसपास अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी कधी कोष्टक लागले नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्यासाठी हा आडाखा पुरेसा नेमका आहे. खाडीत आत जावे तशी भरती उशिरा पोचते, तेव्हा कल्याणसाठी त्यात आणखी वेळ मिळवावा लागतो. दुसरा हिशेब उधाण आणि भांगाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला त्याच्या निम्मेही हलत नाही. त्यामुळे भरलेले मोठे तारू खाडीच्या उथळ टोकापर्यंत न्यायचे तर उधाणाचे चार दिवस साधायचे, नाहीतर खालच्या बंदराला नांगर टाकून तिथी पुढे जाण्याची वाट पाहायची. खाडीतल्या प्रवासाला पंचांग लागत होते ते मुहूर्तासाठी नव्हे.

आता अंतर घ्या. चढत्या पाण्याची ओढ तासाला तीन-चार किलोमीटर आणि वल्ह्यांची किंवा शिडाची तेवढीच भर धरली, तर पाच-सहा तासांच्या भरतीत मचवा पस्तीस-चाळीस किलोमीटर जातो. वसईच्या मुखापासून कल्याणपर्यंत खाडीने सुमारे पन्नास किलोमीटर. मुंबई बंदरातून ठाण्यापर्यंत तीसच्या वर आणि ठाण्याहून कल्याणपर्यंत आणखी वीसेक. म्हणजे दोन्ही वाटांनी एका भरतीत कल्याण सहसा हाती लागत नाही, दोन भरत्यांत आरामात लागते. दोन भरत्यांपैकी एक बहुधा अंधारात सापडते. अरुंद पात्र, मधले खडक आणि मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट यांतून रात्री भरलेली होडी हाकणे कोणी शहाणा तांडेल पत्करत नसे. दिवसाला एक भरती, हा या वाटेवरचा खरा कोस.

ठाण्याची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. साष्टी हे बेट, आणि त्याला दोन बाजूंनी खाडी : पूर्वेची मुंबई बंदरातून येणारी ठाण्याची खाडी आणि उत्तरेची वसईची. भरती दोन्ही तोंडांनी शिरते आणि ठाण्याच्या परिसरात ही दोन पाणी एकमेकांना भेटतात. मुंबईहून वसईला जाणाऱ्याला हे फार सोयीचे होते, कारण भरतीबरोबर ठाण्यापर्यंत चढायचे आणि पाणी फिरले की ओहोटीबरोबर घोडबंदरावरून वसईकडे उतरायचे. एकाच दिवसात, जवळजवळ सगळी वाट पाण्याच्या ओढीने. कल्याणला जाणाऱ्याचे मात्र इथे अडते. तो पूर्ण भरतीला ठाण्यात पोचतो तेव्हा वसईकडून कल्याणकडे चढणारी भरतीही संपत आलेली असते. त्याला ओहोटी सरेपर्यंत, सहा तास तरी, थांबणे भाग. जेवणखाण, माल उतरवणे-चढवणे, जकात, गप्पा, मुक्काम हे सारे त्या सहा तासांत. शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक इथे होती, पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी जिल्ह्याचे ठिकाण इथे केले. या प्रत्येकाला ठाणे निवडण्याची आपापली कारणे होती. पण प्रवाशाला तिथे सक्तीने थांबवणारे पाणी या सर्वांच्या आधीचे आहे.

चढती आणि उतरती वाट सारखी नाही, हा बारकावा सहसा कोणी लक्षात घेत नाही. भरती वर सरकत जाते, आणि तिच्याबरोबर निघालेली होडीही वरच सरकत असते. जिथे होडी पोचते तिथे भरती अजून चालूच असते, म्हणून चढणाऱ्याला भरती घड्याळापेक्षा जास्त पुरते. उतरणाऱ्याचे उलट. तो कल्याणहून पूर्ण भरतीला निघाला, तोपर्यंत खाली वसईच्या बाजूला ओहोटी कधीच लागलेली असते. तो अर्ध्या वाटेवर असतानाच पुढची भरती समोरून येऊन भिडते. भात, गवत किंवा लाकूड भरलेल्या जड पडावाला त्या भरतीविरुद्ध वल्ही मारणे परवडत नाही. तेव्हा उतरत्या वाटेवर एक थांबा जास्त लागतो. कोनगाव, काल्हेर, कोलशेत, नागला बंदर, घोडबंदर अशी छोटी बंदरे या खाडीच्या दोन्ही काठांना इतकी दाट का, याचे एक कारण मी इथे पाहतो. आसपासच्या गावांचा माल हे दुसरे कारण आहेच, पण केवळ मालाचा हिशेब धरला तर एवढ्या थांब्यांची गरज नव्हती.

हे सारे तर्काने बसते, पण इतिहासाची साक्ष काय? कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहेत. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात कल्याणचा उल्लेख येतो, आणि तो तक्रारीच्या सुरात आहे : पूर्वीच्या राजाच्या काळी हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, आता तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सत्ताधाऱ्याने ठरवले तर बंदर बंद होऊ शकते, हे यावरून उघड होते. परंतु पुढे सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बाजारांत कल्याणचे नाव पुन्हा घेतले आहे. तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड हा तिथला माल. मधल्या काळात राजवटी बदलल्या, बंदर बंद झाले आणि उघडलेही. उघडले तेव्हा ते दोन कोस वर किंवा दोन कोस खाली उघडले नाही.

याहून पक्का पुरावा १६७५ सालचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर त्या वर्षी मुंबईहून जुन्नरला निघाला. त्याची वाट ठरीव होती : पाण्याने ठाण्यावरून कल्याण, तिथे होडी सोडायची आणि मग जमिनीने घाट चढायचा. कल्याणबद्दल त्याने लिहून ठेवले ते वैभवाबद्दल नव्हे, तर वैभवाच्या भव्य अवशेषांबद्दल. लढायांनी शहर मोडलेले होते. पेठेसाठी होड्या येत असत्या, तर मोडक्या पेठेला प्रवासी येण्याचे कारण नव्हते. तरी जुन्नरला जाणारा उतरला कल्याणलाच, कारण पाणी तिथपर्यंतच नेत होते. फ्रायरच्या अठरा वर्षे आधी, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याच्या खाडीत आरमाराची पहिली जहाजे बांधायला घेतली; त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. लष्करी नजरेने ही जागा अवघड होती. वसई आणि ठाणे ही दोन्ही तोंडे पोर्तुगीजांच्या हातात, समुद्र गाठायचा तर त्यांच्या तोफांखालून. त्या घटकेला महाराजांच्या हाती दुसरा सोयीचा किनारा फारसा नव्हता हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की घाटातले लाकूड खाली येऊन उधाणाचे पाणी वर भेटते अशी जागा या खोऱ्यात हीच होती.

यावर पहिला आक्षेप असा घेता येतो की थांबे पाण्याने नव्हे, जकातीने ठरवले. व्यापारी थांबतो तो नाक्यावर थांबवला जातो म्हणून. आक्षेप वजनदार आहे, कारण खाडीकाठचा जवळजवळ प्रत्येक किल्ला हा मुळात नाकाही होता. पण राजवटींचा क्रम लावून पाहा. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. ठाणे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतले, कल्याण १७८० मध्ये. कधी एका खाडीवर दोन सत्ता, कधी एक, आणि मध्ये काही दशके सबंध खाडी मराठ्यांची. जकातीने थांबे पडले असते, तर सरहद्द हलली की थांबाही हलायला हवा होता. जकातदार बदलले, जागा त्याच राहिल्या. नाक्यावरच्या कारकुनाला होडी कुठे थांबवायची हे ठरवावे लागत नव्हते. जिथे ती आपणहून सहा तास उभी राहते तिथे चौकी घालून बसले की झाले.

दुसरा आक्षेप या बाजूच्या माणसाला सहज सुचेल. उल्हास पावसाळ्यात दुथडी वाहते, मग होड्या बदलापूरपर्यंत का चढल्या नाहीत? उत्तर हंगामात आहे. नदीला होडीजोगे पाणी असते ते आषाढ-श्रावणात, आणि नेमका तेव्हाच समुद्र बंद असतो. ज्येष्ठाच्या अखेरीस गलबते शाकारली जातात ती नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईपर्यंत बाहेर निघत नाहीत. समुद्र उघडतो तेव्हा नदी उतरणीला लागलेली असते आणि फाल्गुनापर्यंत खडक उघडे पडतात. नदीचा हंगाम आणि समुद्राचा हंगाम एकमेकांशी जुळतच नाहीत. आज उल्हास उन्हाळ्यातही वाहते, पण ते अलीकडचे आहे : टाटांचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी वीज करून या नदीत सोडले जाऊ लागले, तेव्हापासूनचे. शिवाय पुराचे पाणी म्हणजे जलमार्ग नव्हे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना काढायला तिथे बोटी आणाव्या लागल्या. या भागात बोट दिसते ती अशाच प्रसंगी. खाऱ्या पाण्याची हद्द कुठे संपते याची आणखी एक साधी खूण आहे. ठाण्यासह आसपासच्या शहरांचे पिण्याचे पाणी शहाडला आणि मोहिलीला उचलतात, दोन्ही ठिकाणे कल्याणच्या किंचित वर. भरती तिथवर खारेपणा घेऊन पोचत असती, तर ती पंपगृहे आणखी वर सरकली असती.

अंबरनाथचे मंदिर पुढे करून कोणी म्हणेल की भरतीच्या टोकापलीकडे काहीच नव्हते असे कसे? शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेले, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचे हे काम ऐन वालधुनीच्या काठी आहे. पण काहीच नव्हते असा माझा दावा नाही. काळा पाषाण याच डोंगरांचा, तो होडीने आणावा लागत नाही. नदीच्या वरच्या खोऱ्यातली कोंडाण्याची लेणी तर मंदिराहून हजारभर वर्षांनी जुनी. या जागा घाटवाटेच्या आहेत आणि त्यांचे अंतर दुसऱ्या मापाने मोजले जात होते. लादलेला बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जातो. कल्याणहून बदलापूर पंधराच्या आत-बाहेर, म्हणजे बोरघाटाकडे निघालेल्या तांड्याची पहिली मजल होण्याजोगे अंतर. कल्याणला दोन मापे एकमेकांना भेटतात, खालून भरतीचे आणि वरून बैलाचे. तिथे माल उतरतो, वखारीत पडतो, पुन्हा लादला जातो, आणि हे करणाऱ्या माणसांची वस्ती होते. नाणेघाटाकडे, थळघाटाकडे आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटा तिथूनच फुटतात, हे भाग्य वेगळे.

रेल्वेने होडी बुडवली असे सरसकट म्हटले जाते. गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंत आली, १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत, आणि १८५६ मध्ये बदलापूरवरून पळसदरीपर्यंत. थांब्यांचा क्रम जुनाच होता हे पाहण्यासारखे आहे : पहिला टप्पा ठाणे, दुसरा कल्याण, तिथून एक फाटा थळघाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. गाडीचा वेग हे होडी मागे पडण्याचे एक कारण, पण माझ्या मते मोठे कारण वेळापत्रक. गाडी अष्टमीलाही सकाळी त्याच वेळी सुटते आणि पौर्णिमेलाही. तिथीवरून कामाचा दिवस ठरवण्याची गरज संपली, आणि ज्याला घाई होती असा माणूस व माल खाडीतून निघून गेला. ज्याला घाई नव्हती तो राहिला : मीठ, गवत, विटा आणि रेती. कल्याण-मुंब्र्याच्या रेतीबंदरांवर डुबी मारून रेती काढणारे मजूर आणि त्यांचे पडाव पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ भरतीच्याच घड्याळाने चालले. ओहोटीला बुडी मारून बादली भरायची, भरतीला भरलेला पडाव बंदराला लावायचा. भांगाच्या दिवसांत पडाव कमी भरायचा, कारण तेवढ्या पाण्यात तो टेकतो.

उल्हासनगर हे याच बदलाचे अपत्य. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली ती लोहमार्ग हाताशी होता म्हणून. खाडीचा त्यात संबंध आला नाही. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. त्यांतले पुष्कळ लोक कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरले होते. समुद्राने आलेला माणूस मुंबईहून कल्याणकडे निघाला, ती वाट पेरिप्लसच्या काळापासूनची. फरक एवढाच की हा शेवटचा टप्पा आता दोन भरत्यांचा न राहता दोन तासांचाही नव्हता, आणि गाडी कल्याणच्या पुढेही जात होती. मुंबईहून कल्याण ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. रुळांवर ही अंतरे एकापुढचा एक आकडा आहेत. पाण्याच्या हिशेबात मात्र ५४ नंतर काही नाही. कॅम्प ४ सारखी लाखांच्या शहरातली दाट वस्ती, बंदराच्या इतकी जवळ आणि बंदराशी इतकी अनोळखी, रेल्वेच्या आधी शक्यच नव्हती.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई ही वाट राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरली, लांबी १४५ किलोमीटर. प्रवासी बोटींच्या पहिल्या टप्प्यासाठी ठरलेली ठिकाणे कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि भाईंदर. इंजिनाच्या बोटीला भरतीची ओढ लागत नाही, गाळ उपसून खोली करता येते, मग तिथीचा हिशेब कशाला, असा तिसरा आक्षेप इथे येतो आणि तो अर्धा बरोबर आहे. इंजिन प्रवाहावर मात करते हे खरे, त्यामुळे ठाण्याचा सहा तासांचा खोळंबा राहणार नाही. खोलीचे तसे नाही. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी मंदावते तिथे गाळ पुन्हा बसतो, आणि उपसणे हे दरवर्षीचे काम होते. त्याहून अडचणीची गोष्ट पुलांची. जुन्या होडीला फक्त खालच्या पाण्याची चिंता होती, शीड उतरवले की काम भागे. आता काशेलीपासून दुर्गाडीपर्यंत पुलांची रांग आहे. ओहोटीला बोटीखाली पाणी कमी पडते आणि उधाणाच्या भरतीला बोटीच्या डोक्यावर पुलाखालची मोकळी जागा कमी पडते. दर वीस मिनिटांनी बोट सोडण्याचे वेळापत्रक आखायचे, तर बोटीची उंची अमावास्येच्या भरतीवरून आणि तिचे बूड त्याच दिवशीच्या ओहोटीवरून ठरवावी लागेल. मिनिटांत मोजलेली फेरी आधी महिन्याच्या तीस तिथींवर तपासून पाहिल्याशिवाय कल्याणच्या धक्क्यापर्यंत नेता येणार नाही, आणि कल्याणच्या वर, शहाडकडे किंवा वालधुनीत, ती कोणत्याही तिथीला जाणार नाही.